‘प्रश्न जमिनीचा आहे’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबणार. तुमचं म्हणणं असं: वक्फ (मुस्लिमांनी धर्मकार्यासाठी कायमची दान केलेली मालमत्ता) दुरुस्ती कायद्याला मी ‘धर्मात सरकारी ढवळाढवळ’ म्हटलं ते चूक, कारण नमाज-रोजाला कोणी हात लावलेला नाही, प्रश्न जमिनीचा आहे, पंढरपूरचं मंदिर सरकारने घेतलं तेव्हा माझ्यासारखे गप्प बसले, आणि या कायद्याविरुद्धच्या आंदोलनात पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादेत माणसं मेली, तो कसला निषेध?

बरं, जमिनीवरच बोलू. मुस्लिमांच्या स्थितीवरच्या २००६ च्या सच्चर अहवालात वक्फची जमीन सुमारे ६ लाख एकर आणि तिचं वर्षाचं उत्पन्न फक्त १६३ कोटी रुपये दिलंय. मुतवल्ली (वक्फचा कारभार पाहणारे), बोर्ड, भाडेकरू, सगळ्यांनी मिळून खाल्लं. आपल्या नागपूरच्या मुस्लिमबहुल मोमिनपुऱ्यात विचारून पाहा, तुमच्यापेक्षा चार शिव्या जास्तच ऐकायला मिळतील. पण वक्फच्या जागा बळकावणाऱ्यांत त्याच अहवालाने सरकारी खातीही दाखवली आहेत, ते तुम्ही सोयीने गाळलंत. आता २०२५ च्या कायद्यातलं कलम ३-सी वाचा. जागा सरकारी की वक्फची, असा वाद निघाला तर चौकशी सरकारनेच नेमलेला अधिकारी करणार, आणि त्याचा अहवाल येईपर्यंत ती वक्फ मानायचीच नाही. भांडण ज्याच्याशी, पंचही त्याचाच! १५ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच रोखलं: मालकी वक्फ न्यायाधिकरण ठरवेल, तोवर ताबा काढायचा नाही. पूर्ण कायद्याला स्थगिती दिली नाही, नोंदणीची सक्तीही ठेवली, आणि ती मला मान्य आहे. त्या खंडपीठाचे प्रमुख भूषण गवई, आपल्याच नागपूर खंडपीठात वकिली केलेले. त्यांना तरी लांगूलचालनवाले म्हणू नका.

पंढरपूरबद्दल मी गप्प नाही, उलट खूश आहे. १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क गेले, भक्तांचं काही गेलं नाही. तमिळनाडूच्या १९५९ च्या कायद्यात तर मंदिर खात्याचा आयुक्त हिंदूच हवा. वक्फ बोर्डावर मात्र बिगर-मुस्लिम सदस्य बसवायचे; न्यायालयाने ११ पैकी जास्तीत जास्त ३ अशी मर्यादा घातली, एवढंच. आणि हे नागपूरच्या माणसाला समजावून सांगावं लागतंय, याचं मला नवल वाटतं. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्याविरुद्ध आपल्या शहरातले भदंत सुरेई ससाई आणि त्यांच्यामागे किती जण नव्वदच्या दशकापासून लढताहेत! त्यांना जाऊन सांगा की बुद्धवंदनेला कोणी हात लावलेला नाही, प्रश्न व्यवस्थापनाचा आहे.

मुर्शिदाबादेत तीन जीव गेले. ज्यांनी घेतले त्यांना शिक्षा व्हावी, त्यात पण-बिण नाही. मात्र मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने ३० एप्रिल २०२५ ला लोकांना रात्री नऊ वाजता पंधरा मिनिटं दिवे घालवायला सांगितलं होतं, तेही निषेधच. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या विरोधात लोकांनी काम पाडलं, सामान पेटवलं. जाळपोळ चूकच होती, पण म्हणून त्यांचा मुद्दा खोटा ठरला नाही. सरकारने कामाला स्थगिती दिली.

‘मग तुम्हाला हवंय तरी काय?’ असंही विचारलंत. बोर्डाचं ऑडिट दरवर्षी जाहीर व्हावं, जागा विकून खाणारा मुतवल्ली तुरुंगात जावा, आणि वाद सरकारशी असेल तर निवाडा सरकारी अधिकाऱ्याकडे नसावा, असं कायद्यातच लिहावं. यातलं तुम्हाला नेमकं काय नको आहे, ते सांगा.