स्टिकर कोण चिकटवतो?

सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय: ‘सेंद्रिय म्हणजे नुसता स्टिकर. दुकानदार मार्केट यार्डातली डाळ आणतो, हिरवं लेबल लावतो, दुप्पट भाव घेतो. कोणी तपासत नाही. कीड लागली तरच माल खरा.’ आमच्या सेंद्रिय मालाच्या दुकानाची खरेदी मीच बघतो, त्यामुळे गप्प बसवेना.

लेबल दुकानदार लावतो? एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१७ च्या नियमांनुसार दुकानात ‘सेंद्रिय’ म्हणून विकायच्या मालाला एनपीओपी (बाहेरची प्रमाणन संस्था तपासते) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात) यांपैकी एका सरकारी पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं. एनपीओपीच्या मालाची पोती फोडून मी स्वतः पॅकिंग करायचं म्हटलं, तर मलाही प्रमाणपत्र घ्यावं लागेल. म्हणून आम्ही पॅकबंदच घेतो.

लोगो कुठेही छापून मिळतो, हे मात्र खरं. म्हणूनच आम्ही कागद मागतो. स्कोप सर्टिफिकेट म्हणजे पुरवठादाराला कोणत्या मालासाठी मान्यता आहे त्याचं प्रमाणपत्र; त्यावर मुदत आणि मालाची यादी असते. शिवाय एनपीओपीचा माल हात बदलतो तेव्हा अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ट्रेसनेट या ऑनलाइन नोंदणीवर त्या विक्रीचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट निघतं आणि तेवढं वजन विकणाऱ्याच्या शिलकेतून वजा होतं. ८ क्विंटलच्या नोंदीवर ८० क्विंटल खपवणं त्यामुळे सोपं नाही. गेल्या दिवाळीत एका पुरवठादाराने गूळ पाठवला. सर्टिफिकेट झकास, मुदतीतलं. यादीत तूर, मूग, ज्वारी. गुळाचा पत्ताच नाही! टेम्पो आल्या पावली परत.

‘लॅबमध्ये टाका, लगेच कळेल’ असंही कुणीतरी पुढे जोडलंय. लॅब कीटकनाशकाचा अंश दाखवते, आणि शेजारच्या फवारणीचा वारा लागतो म्हणून साध्या मालाला असलेल्या मर्यादेच्या ५ टक्क्यांपर्यंत तो चालतो. पण शेतात युरिया टाकला होता का, हे त्या रिपोर्टात दिसत नाही. त्यासाठी शेताची पाहणी आणि नोंदवह्याच लागतात.

किडीचं काय सांगावं! पावसाळ्यात साध्या तांदळातही पोरकिडे होतात.

खरी फट फॉरवर्डवाल्याला दिसलीच नाही. अनेक शेतकऱ्यांच्या गटाला मिळून एकच प्रमाणपत्र असतं, त्यात बाहेरचा तपासनीस प्रत्येक शेतावर जात नाही, काही निवडक शेतं बघतो. बाकी भिस्त गटाच्या स्वतःच्या तपासणीवर. अमेरिकेने २०२१ मध्ये सेंद्रिय प्रमाणपत्रांवरच्या अपेडाच्या देखरेखीची मान्यता काढून घेतली, ती देखरेख अपुरी वाटली म्हणून; स्टिकरमुळे नाही. शेतावरची तपासणीच कच्ची असेल, तर माझ्या फाइलमधले कागदही थिटे पडतात.