काढा प्या, पण काळजी सोडू नका

सर्दीनं घरात कायमचा मुक्काम ठोकावा असं वाटत असेल, तर पावसात भिजू नका. त्यात काही राम नाही. त्यापेक्षा मोबाइल उशीशी घेऊन झोपा. रात्री साडेअकराला साहेबांचं ‘उद्या बोलू’ आलं की सात वेळा वाचा. पुढे पूर्णविराम का दिलाय, यावर दोनपर्यंत विचार करा.

अर्थात, एका रात्रीनं भागत नाही. कुत्रं मागे लागल्यावर येतो तो ताण घटकाभराचा. तेवढ्यापुरत्या रक्तातल्या संरक्षक पेशी उलट कंबर कसतात. असला फुटकळ ताण आपल्या कामाचा नाही. ताण कसा, गृहकर्जासारखा हवा, वीस वर्षांचा. मग मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ऊठसूट कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतात. ते खरं म्हणजे शरीरातली सूज आवरणारं. पण सोसायटीच्या वॉचमनची शिट्टी रोज रात्रभर वाजते, म्हणून कोण उठून बघतं? पेशीही तशाच निर्ढावतात. सूज आवरत नाही आणि विषाणूंना फाटक उघडं!

खोटं वाटतंय? ब्रिटनमध्ये ३९४ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दी-पडशाच्या विषाणूंचे थेंब सोडून पाहिले. १९९१ साली निष्कर्ष छापून आला: ताण जितका जास्त, तितकी सर्दी होण्याची शक्यता जास्त. च्यवनप्राशचा डबा मात्र संपवाच, पैसे दिलेत.

हे झालं स्वतःपुरतं. घरच्यांनाही लाभ द्या. सासूबाईंना विसरायला होतंय, रात्री उठून दार उघडतात, ते सगळं धाकट्या सुनेवर सोपवा. आपण रविवारी संत्री घेऊन जावं आणि ‘तू आहेस म्हणून चाललंय गं’ म्हणावं. अमेरिकेत ओहायोमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम करून पाहिली होती. त्याच वयाच्या, असं ओझं नसलेल्या बायकांपेक्षा ती भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९५ची गोष्ट. त्या बायकांना संत्री कुणी आणत होतं का, ते कळत नाही.

धाकटीच्या बोटाला विळी लागून तीन आठवडे झाले, पट्टी अजून तशीच आहे. तिला हळद लावायला सांगा. आणि चहा अर्धाच कप घ्या, उगाच तिला त्रास नको.