काही म्हणजे बिस्कीट नव्हे

मी कुत्र्याला उपाशी मारते, हे आज सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाहीर झालं. जाहीर करणारे बी विंगमधले काका. ऐकणारे वॉचमन, गाड्या पुसणारा मुलगा, दुसऱ्या मजल्यावरच्या पोळ्यावाल्या मावशी आणि खुद्द गोट्या, ज्याच्या मिशांना त्या क्षणी मारी बिस्किटाचा भुगा लागलेला होता.

गोट्या जर्मन शेफर्ड आहे. या जातीला पोटाचे विकार पटकन जडतात, पण पिल्लू घेताना हे कोणी सांगत नाही. कान कधी उभे राहतील तेवढं सांगतात. कान वेळेवर उभे राहिले. बाकी सगळं पातळ.

आधीच्या डॉक्टरांकडे प्रत्येक वेळी एकच औषध मिळायचं, मेट्रोनिडाझोल. ती गोळी इतकी कडू की गोट्याच्या तोंडाला फेस यायचा आणि तो सोफ्याला पुसायचा. चार दिवस बरं वाटायचं आणि मग पुन्हा मागचे पाढे पंचावन्न. दर खेपेला तपासणी फी मात्र नव्याने. कुत्रा वाळत चाललाय, असं म्हटलं की ‘वाढतं वय आहे’ असं उत्तर. वाढत्या वयात कोणी वाळतं का हो? असो, त्यावर बोलायला लागले तर माझंच पोट बिघडेल.

आताच्या डॉक्टरबाई नीट समजावून सांगतात, त्यामुळे पैसे जाताना निदान कशासाठी जातात ते कळतं. जुलाब तीन आठवड्यांच्या वर रेंगाळले की दुखणं जुनाट समजायचं. मग जंत बघायचे, जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी बघायचा. स्वादुपिंड काम करतंय ना यासाठी उपाशीपोटी रक्त काढायचं. बी-१२ जीवनसत्त्व बघायचं, कारण ते शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि तिथेच बोंब असेल तर ते अंगाला लागत नाही, टोचावं लागतं. या सगळ्यातून काही हाती लागलं नाही की आधी आहार बदलायचा. बरीच कुत्री तेवढ्यावरच सुधारतात. त्याने भागलं नाही तर भूल देऊन दुर्बीण, आतड्याचा तुकडा तपासायला, मग स्टिरॉइड. आणि गंमत म्हणजे आजाराचं नाव शेवटी ठरतं. आहाराने बरा झाला तर तो आहाराला दाद देणारा आजार, स्टिरॉइडने झाला तर स्टिरॉइडला दाद देणारा. लग्न लावून मग पत्रिका जुळवण्यासारखंच हे.

नवऱ्याचं मत होतं, थेट स्टिरॉइडवर जाऊ या, लवकर निकाल लागेल. पण स्टिरॉइडने भूक वाढते, तहान वाढते आणि तहान वाढली की पुढचंही वाढतं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि रात्री कुत्र्याला खाली नेणारी व्यक्ती मी आहे. आहारावर एकमत झालं.

आता घरात गोट्याच्या शीला आकडे द्यायचा एक तक्ता चिकटवलाय. एक म्हणजे खडा, सात म्हणजे पाणी, दोन म्हणजे उत्तम. पूर्वी नवरा ऑफिसातून ‘जेवलीस का’ म्हणून मेसेज करायचा, आता ‘किती?’ एवढाच करतो. मी ‘पाच’ लिहिते. परवा त्याने स्वतः फिरवून आणलं आणि ‘साडेचार’ असं कळवलं. तक्त्यात साडे नाहीत म्हटलं तर म्हणाला, तू पाहिलं नाहीस, मी पाहिलंय. नमुना न्यायला श्रीखंडाचे रिकामे डबे ठेवलेत. त्यामुळे सासूबाई आमच्या फ्रिजमधलं श्रीखंड खात नाहीत. आतमध्ये खरंच श्रीखंड असलं तरी.

या आहाराचा नियम एकच. निदान दोन आठवडे डॉक्टरबाईंनी दिलेलं पिशवीतलं खास खाणं आणि पाणी, तिसरं काही नाही. हाड नाही, पोळीचा तुकडा नाही, दह्याचं बोट नाही. म्हणजे हे औषध मुळात न देण्याचं आहे आणि आपल्याकडे कोणाला काही न देणं हा गुन्हा आहे. सांगलीच्या आत्याने मुरडशेंग, जायफळ, डाळिंबाचं साल अशी अख्खी बाळगुटी कुरियर केली. एकीने ताकभात सुचवला. एकीने नारळ ओवाळून टाकायला सांगितला. तो मी टाकला. तो नियमात बसत होता.

आणि आज हे काका.

“काका, काही दिलंत का त्याला?”

“छे! काही नाही.”

गोट्या जिभल्या चाटत होता. मी भुग्याकडे बोट दाखवलं.

“ते होय? ते बिस्कीट गं. काही म्हणजे बिस्कीट नव्हे.”

“डॉक्टरांनी काहीही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय.”

“अगं, मारी आहे! मारी आजाऱ्यालाच देतात. माझ्या हर्नियाच्या वेळी चार दिवस मारीवर होतो मी.”

“त्यात गहू असतो, दूध असतं, साखर असते.”

“मग काय असायला पाहिजे बिस्किटात?” काकांनी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने मान डोलावली. त्याच्या हातातही एक मारी होतं. “बरं, तू काय घालतेस याला?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण चिडलेला माणूस समजावायला जातो. मी सांगितलं, की यातल्या प्रथिनांचे आधीच इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ती ओळखूच येत नाहीत, म्हणून ते त्यांच्यावर तुटून पडत नाही.

“म्हणजे कुत्र्याला फसवायचं.”

“कुत्र्याला नाही हो, त्याच्या आतड्याला.”

“आतडं कोणाचं आहे?”

मला उत्तर सुचलं नाही.

“किलोला किती पडतं?”

“हजाराच्या वर.”

पार्किंगमध्ये शांतता पसरली. गाड्या पुसणाऱ्या मुलाने फडका पिळायचा थांबवला. काका खाली वाकले, गोट्याच्या बरगड्यांवरून एक-एक करत बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हजार रुपये किलोचं खातो आणि ही अवस्था? ही खायलाच घालत नाही याला!”

मावशी “बिचारा” म्हणाल्या. आणि गोट्या, ज्याच्यासाठी मी पहाटे पावसात टॉर्च धरून चिखलात आकडे शोधते, तो हरामखोर काकांच्या पायाशी बसून सुस्कारे सोडत होता.

बरगड्या आजारामुळे दिसतात हे मी सांगितलं, ते कोणी ऐकलं नाही. डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, दोन आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. पिशवी अर्ध्यावर आलीय, म्हणजे अजून एक घ्यायची. ते पैसे बी विंगच्या मेंटेनन्समध्ये लावता येतात का, हे मी सेक्रेटरींना विचारणार आहे.

दुपारी बी विंगमधल्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या. तक्रार अगदी ओठांवर आली होती, पण त्याच बोलू लागल्या. “यांची साखर पुन्हा वाढली गं. घरात बिस्कीट म्हणून ठेवत नाही मी, फिरायलाही नियमाने जातात, तरी कशी वाढते देव जाणे!”

मी “अय्या, हो का?” एवढंच म्हटलं.

संध्याकाळी काका पार्किंगमध्ये होते. लेंग्याच्या खिशात पुड्याचा आकार स्पष्ट दिसत होता. गोट्याने साखळी ताणली.

“काका, मगाशी लिफ्टमध्ये काकू भेटल्या होत्या. तुमच्या साखरेचं काळजीने सांगत होत्या.”

काका बराच वेळ गोट्याकडे बघत राहिले. मग खिशावर हात ठेवून म्हणाले, “याचं पथ्य किती दिवस आहे म्हणालीस?”