टिचकी मारल्यावर वाजली, म्हणून लोणचं भरायचं?

‘घरात जुनी इंग्लिश बिलोरी बरणी असेल तर तुम्ही नशीबवान’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. तो वाचून मावशीने शोकेसमधली कट ग्लासची बरणी उतरवली आणि लिंबाचं लोणचं भरायला घेतलं. फॉरवर्ड म्हणतो: टिचकीला वाजली की अस्सल इंग्लिश, शिसं भट्टीत ‘पक्कं’ झालेलं असतं, तेव्हा लोणचं-सरबत बिनधास्त साठवा, धुरकटली तर रात्रभर व्हिनेगर, हिरवी चमकणारी काच फेकून द्या, गुलाबी काचेत सोनं असतं.

आधी शिसं. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या इंग्लिश काच कारखानदाराने लंडनमध्ये १६७४ साली नव्या काचेचं पेटंट घेतलं. ती काच आतून बारीक तडकायची, ती खोड घालवताना शिशाचं ऑक्साइड कामी आलं. इंग्लिश काच जड, लखलखीत आणि कापायला मऊ झाली ती त्यामुळेच. चांगल्या क्रिस्टलमध्ये, म्हणजे या शिशाच्या काचेत, वजनाच्या पाव ते एक तृतीयांश भाग हे ऑक्साइड असतं, आणि ते ‘पक्कं’ वगैरे काही होत नाही. आंबट पदार्थातले हायड्रोजनचे आयन काचेच्या पृष्ठभागावरच्या शिशाची जागा घेतात, शिसं पदार्थात उतरतं. जितके दिवस ठेवाल तितकं जास्त.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९१ साली ग्राझियानो आणि ब्लम या संशोधकांनी हे मोजून छापलंय. पोर्ट वाइनमध्ये सुरुवातीला लिटरला ८९ मायक्रोग्रॅम शिसं होतं. चार महिने तीन क्रिस्टल डिकँटरमध्ये (वाइनच्या बुचाच्या सुरयांमध्ये) ठेवल्यावर ते २,१६२, ३,०६१ आणि ५,३३१ झालं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे १०. लिंबू वाइनपेक्षा आंबट, आणि लोणचं वर्षभर मुरतं. हिशेब तुम्हीच करा. चवीला काही कळत नाही, आणि सगळ्यात जास्त फटका पोरांच्या मेंदूला बसतो.

आता टिचकीची गंमत बघा. लांब घुमणारा आवाज शिशाच्या काचेचा, म्हणजे बरणी जितकी छान वाजेल तितकी ती लोणच्याला नालायक! त्यातून ती इंग्लिश ठरते असंही नाही. बोहेमियाची, फ्रान्सची, आयर्लंडची शिशाची काचही तशीच वाजते. बोट फिरवून बघा: हाताने कापलेल्या नक्षीच्या कडा धारदार लागतात, साच्यात दाबलेल्या काचेच्या गोलसर लागतात आणि बहुतेकदा साच्याची शिवण दिसते.

एक मान्य करावं लागेल. जेवणापुरती वाइन ओतली आणि संपवली, तर उतरणारं शिसं अगदी थोडं असतं. पण साठवायचं नाही, आणि गरोदर बायकांना आणि मुलांना त्यातून काही द्यायचंच नाही.

व्हिनेगरने पाण्याच्या क्षारांचा थर जातो, त्याला पाणी मिसळलेलं व्हिनेगर आणि अर्धा तास पुरतो. तरीही धुरकट राहिली तर काच झिजलीय. ती पॉलिश करणाऱ्याकडेच द्यावी लागते. विकणारे आतून तेलाचा हात फिरवून हे लपवतात, म्हणून घेताना आत कोरडा टिश्यू फिरवून बघा. बूच अडकलं तर कडेला दोन थेंब तेल सोडून रात्रभर ठेवा. गरम पाणी ओतू नका, तडकेल.

यूव्ही दिव्याखाली दिसणारी ती हिरवी चमक युरेनियमची. शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही, फेकायचं कारण नाही, खाण्यापिण्याला मात्र वापरू नका.

गुलाबी क्रॅनबेरी काचेत सोनं असतं हे खरंय. पण इतकं नगण्य, की काढायला बसलात तर भट्टीचा खर्चही निघणार नाही.