शेवट सांगून काय मिळालं तुम्हाला?

आज सकाळी आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेने विचारलं, "शनिवार आहे, घरी बसून बघण्यासारखा एखादा मराठी पिक्चर सुचवा ना. रडका नको." मी हातातलं काम टाकून लिहिलं, "'वाळवी' बघ. आणि त्याच्याबद्दल काही वाचू नकोस, सरळ लाव." पाच मिनिटं झाली नसतील, एका गृहस्थांनी सिनेमाचा शेवट एका ओळीत टाकला. वर लिहिलं, "घ्या, वाचवले तुमचे दोन तास." त्याला नऊ जणांचे हसरे चेहरे.

दुपारपर्यंत मी गप्प बसले. पोळ्या झाल्या, कपडे वाळत घालून झाले, तरी डोक्यातून जाईना. म्हणून इथे लिहितेय. इथे माझी माणसं आहेत, मला राग का आला ते तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

'वाळवी' 13 जानेवारी 2023 ला आला. माझी आत्या तेव्हा कराडहून माझ्याकडे डोंबिवलीला आली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, तपासणीला आलेली. डॉक्टरांनी सगळं ठीक म्हटल्यावर म्हणाली, "नव्या डोळ्याने काहीतरी मोठ्या पडद्यावर दाव गं मला." 'वेड'ला तेव्हा गर्दी होती, तिकिटं मिळेनात, म्हणून आम्ही दुपारच्या खेळाला 'वाळवी'ला जाऊन बसलो. थिएटरात मोजून चौदा माणसं. एसीने आत्या कुडकुडायला लागली, माझी ओढणी तिच्या खांद्यावर टाकली.

सिनेमात काय आहे ते ट्रेलरमध्ये होतं तेवढंच सांगते. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा काटा काढायचा बेत करतात. मिनिटामिनिटाचा हिशोब मांडलेला. आणि बेत फसायला लागतो. स्वप्नील जोशीला आपण वर्षानुवर्षं गोड गोड प्रेमात बघितलंय, तो इथे बायकोला संपवायला निघालाय. आत्याला आधी कळेचना की हे घाबरायचं आहे की काय. मग एका जागी ती हसली. तोंडावर हात ठेवून वगैरे नाही, आमच्या घरातलं हसू, पोटातून आलेलं. पुढच्या रांगेतला एक माणूस मागे वळला आणि म्हणाला, "ओ काकू, इथे खून चाललाय, हसताय काय?"

आत्याने पदर तोंडाला लावला. पुढचा अर्धा तास ती हसलीच नाही. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता, तो हलायचा आणि थांबायचा, हलायचा आणि थांबायचा. दाबत होती बिचारी.

आपण खुनाला हसायला लाजतो का? तमाशाच्या वगात, लोकनाट्यात राजापासून यमापर्यंत सगळ्यांना हसून झालंय आपलं. मग पडद्यावर एक माणूस घाम पुसत खुनाचं वेळापत्रक सांभाळतोय आणि वेळापत्रक कोलमडतंय, तर हसायचं नाही तर काय करायचं? आणि या प्रकारच्या सिनेमाला हसूच तर हवं असतं. हसता हसता माणूस बेसावध होतो, आणि बेसावध असतानाच त्याला फटका बसतो. हसू दाबून बसलेल्याला अर्धाच सिनेमा मिळतो.

हसू दाबणारी ही प्रेक्षकांची पहिली जात. दुसरी जात, "मला पहिल्या वीस मिनिटांतच कळलं होतं" वाली. अहो, काय कळलं होतं? कोण कुणाला मारणार हे इथे दिग्दर्शक स्वतः सुरुवातीलाच सांगून टाकतो! कोण मारणार यात गंमत नाहीच, आता हे निस्तरणार कसं यात आहे. पण आपल्याला सिनेमा बघायचा नसतो, सिनेमावर मात करायची असते. बाहेर येऊन बायकोला सांगायचं, मी ओळखलं. बरं, ओळखलंत. मग?

तिसरी जात, "एका घरात चार माणसांत उरकलंय, मालिकेसारखं वाटतं." याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मराठी रंगभूमीने एका दिवाणखान्यात, एक सोफा, एक जिना आणि एक टेलिफोन ठेवून पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगावर काटा आणला. तिथे कधी कुणी म्हटलं नाही की पैसे कमी पडले वाटतं. 'वाळवी'चा दिग्दर्शक परेश मोकाशी नाटकातलाच माणूस, 'मु. पो. बोंबिलवाडी' आधी त्याने रंगमंचावरच केलं. मोजक्या जागेत चार माणसं घेऊन त्यांना एकमेकांच्या जिवावर उठवायचं हे त्याला जमतं, कारण लपायला गाड्यांचे पाठलाग नाहीत, परदेशातलं गाणं नाही. जे आहे ते लिहिण्यात आणि नटांच्या डोळ्यांत. बायको झालेल्या अनिता दातेचा चेहरा जवळून बघा एकदा. नुसती पाण्याचा ग्लास हातात धरून बसली तरी आपला जीव टांगणीला लागतो.

तिकीट महाग आहे, मान्य. चौघांचं घर निघालं की पॉपकॉर्नसकट हजार-दीड हजार जातात, आणि मराठीचे खेळ भलत्या वेळेला असतात. 2015 मध्ये प्राइम टाइमवरून केवढा गदारोळ झाला आपल्याकडे, तरी दुपारी अडीचचा खेळ आपल्या नशिबी आहेच. नोकरी करणाऱ्याने कसं जायचं? तेही खरं. घरी बघा, काही हरकत नाही.

पण घरी बघणाऱ्याचा आनंद तुम्ही का हिसकावता?

छोट्या सिनेमाकडे शहरभर होर्डिंग लावायला पैसे नसतात. त्याच्याकडे आपलं तोंड असतं फक्त. मी बघितला, माझ्या जावेला सांगितलं, तिने तिच्या ऑफिसात सांगितलं, असाच तो चालतो. त्याच तोंडाने तुम्ही शेवट सांगितलात तर त्याची एकुलती एक पुंजी उधळलीत. लंडनला ॲगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' 1952 पासून लागलंय. नाटक संपलं की नट प्रेक्षकांना विनंती करतात, गुपित तुमच्यापाशीच ठेवा. सत्तर वर्षं उलटली, आणि बघून बाहेर पडलेली माणसं नव्याने आत जाणाऱ्यांसाठी ते जपतात. आमच्या ग्रुपवर पाच मिनिटं जपवलं नाही.

शेवट कळला म्हणून बिघडणारा सिनेमा चांगला कसला, असं कुणीतरी म्हणेलच. बरोबर आहे. मी स्वतः तो तीनदा बघितलाय आणि तिन्ही वेळा आवडला. पण पहिली वेळ एकदाच येते ना. ती त्या मुलीची होती, तिच्या मालकीची.

आत्याचं राहिलं. मध्यंतरानंतर एक जागा अशी आली की तो पुढच्या रांगेतला माणूसच फुटला. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज, मग जोरात, टाळी वाजवून हसला. आणि लगेच मागे वळून आत्याकडे बघितलं. ती पदर सोडून हसत होती. मग चौदाच्या चौदा हसायला लागलो. शेवट झाला तेव्हा मात्र एकजणही हसेना. दिवे लागले तरी कुणी उठलं नाही. तो माणूस खुर्चीवर वळून बसला आणि आत्याला म्हणाला, "मावशी, तुम्हाला आधी अंदाज आला होता का हो?" मगाशी काकू होती, आता मावशी झाली. आत्या म्हणाली, "नाही बाबा. मी आपली हसत होते." सफाईवाला येऊन झाडू घेऊन उभा राहिला तरी दोघं बोलत होती. त्या दिवशी कुणाचं नाव-गाव विचारलं नाही, पण ओळखीची झालो सगळी.

आत्या कराडला गेली आणि शेजारच्या बायकांना निम्मी गोष्ट सांगून थांबायची. त्या मागे लागायच्या, मग काय झालं? ही म्हणायची, "ते जाऊन बघायचं." नाक्यावरच्या भाजीवालीलासुद्धा हेच. सातवीपर्यंत शिकलेली माझी आत्या, तिला कुणी सांगितलं नव्हतं की गुपित राखायचं असतं.

ऑगस्ट 2024 ला 'वाळवी'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आमच्याच ग्रुपवर अभिनंदनाचे फुलांचे गुच्छ पडले. मराठी पाऊल पडते पुढे वगैरे. आजच्या गृहस्थांचाही होता त्यात. आज मी वर सरकवून शोधला, सापडला. त्या दिवशी अभिमान, आज दोन तास वाचवले! हे वाचून मघाशी शांत झालेलं डोकं पुन्हा तापलं, म्हणून थोडं जास्त लिहिलं असेल.

संध्याकाळी ती मुलगी स्वतः खाली आली. मला वाटलं नाराज असेल. म्हणाली, "ताई, मी वाचलं ते, डोळ्यांसमोर आलंच. पण यांनी नाही वाचलं. रात्रपाळी करून आले ते दिवसभर झोपलेत, मी त्यांचा फोन घेऊन तो मेसेज काढून टाकला." मी म्हटलं, मग दोघं माझ्याकडेच या जेवायला, आमचा टीव्ही मोठा आहे. आत्याला फोन करून सांगितलं तर ती पलीकडून ओरडली, "मला व्हिडिओ कॉलवर घे. पण पिक्चर नको दावूस, त्या पोराचं तोंड दाव."

नऊला येतायत. पिठलं-भात टाकलाय. फोन कुठे उभा करायचा ते बघतेय, म्हणजे आत्याला त्याचा चेहरा नीट दिसेल.