चिन्ह बदललं म्हणजे संस्था विकली गेली?

स्वतंत्र चित्रपटसंस्थांच्या लोगोंबद्दल एक मजकूर खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: खऱ्या संस्थेचं चिन्ह पहिल्याच दिवशी ठरतं, ते पडद्यावर जसंच्या तसं राहतं, आणि त्याला हात लावला की संस्था बाजाराला विकली गेली असं समजावं. तिन्ही विधानं चुकीची आहेत.

आधी ‘पहिला दिवस’. आर. के. फिल्म्सचा पहिला चित्रपट ‘आग’ १९४८चा. एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली नायिका, हे आर. के.चं प्रसिद्ध चिन्ह ‘आग’च्या वेळी असणं शक्यच नव्हतं, ते आलं १९४९च्या ‘बरसात’मधून. जपानच्या स्टुडिओ जिब्ली या अ‍ॅनिमेशनसंस्थेचंही तसंच. संस्था १९८५ची, पण निळ्या पार्श्वभूमीवरचा तोतोरो हा काल्पनिक प्राणी तिला मिळाला तो १९८८च्या चित्रपटातून. म्हणजे आधी चित्रपट लोकांच्या मनात बसला, मग त्यातली आकृती संस्थेचा चेहरा झाली. मला तर ही गोष्ट पहिल्या दिवशी काढून ठेवलेल्या चित्रापेक्षा कितीतरी सुंदर वाटते.

‘जसंच्या तसं’ म्हणणाऱ्यांनी पडद्याचा आकार आठवावा. जुनी चौकट रुंदी-उंचीच्या प्रमाणात १.३७ : १ अशी, जवळजवळ चौकोनी. १९५३मध्ये सिनेमास्कोप आला आणि पडदा रुंद झाला. चौकोनी चौकटीसाठी रचलेलं चिन्ह तिथे ठेवलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. मोठं करून भरलं तर वर-खाली कापलं जातं. ते नव्याने रचावंच लागतं. मग रंग आला. आर. के.चा पहिला रंगीत चित्रपट ‘संगम’ १९६४चा. कृष्णधवल छायाप्रकाशात उठून दिसणारी आकृती रंगात तशीच उठून दिसेल याची खात्री नसते. पुढे डिजिटल प्रक्षेपणात तर कडांचा बारीकसा दोषही लपत नाही.

हे खरं की काही बदल निव्वळ भपक्यासाठी होतात. चार-पाच संस्थांचे लांबलचक लोगो ओळीने सोसावे लागतात तेव्हा मलाही राग येतो. पण त्यावरून मालकीचा निष्कर्ष काढता येत नाही. २०१२मध्ये सुरू झालेली ए-ट्वेंटीफोर (A24) ही अमेरिकन संस्था चित्रपटाच्या प्रकृतीनुसार आपल्या चिन्हाचं रूप पालटते, तेही स्वतंत्र राहून. उलट पिक्सार ही अ‍ॅनिमेशनसंस्था २००६मध्ये खरोखरच डिस्नेने विकत घेतली, आणि तिच्या १९८६च्या लघुपटातून चिन्हात आलेला तो छोटा टेबल-दिवा मात्र त्यानंतरही तिच्या नावातल्या ‘आय’ या अक्षरावर तशाच उड्या मारत राहिला.