सोसायटीचं दप्तर सभासदाला पाहता येतं, तो संदेश खोटा आहे

“हाउसिंग सोसायटी ही खासगी संस्था आहे. तिला माहिती अधिकार लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय. त्यामुळे सभासदाला कमिटीकडे कागदपत्रं मागता येत नाहीत, मिनिट्स गोपनीय असतात, थकबाकीदार सभासदाला तर कमिटीला काहीच विचारता येत नाही, आणि ऑडिट झालं की हिशेबाचा विषय संपला.” व्हॉट्सॲपवर फिरणारा हा संदेश वाचून माझ्या मावशीने सोसायटीला दिलेला अर्ज परत घेतला. अर्ज बरोबर होता. चूक संदेशात आहे.

न्यायालयाचं नाव घेतलं की माणसं गप्प बसतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरकारचं भरीव अर्थसाहाय्य किंवा खोलवर नियंत्रण नसेल, तर सहकारी संस्था माहिती अधिकार कायद्याखाली ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही. म्हणजे सेक्रेटरीच्या नावाने आरटीआयचा अर्ज टाकून उपयोग नाही, एवढं मान्य करावंच लागतं. पण त्याच निकालात हेही आहे की निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी, सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि संस्थेकडून जी माहिती तो कायद्याने मागवू शकतो ती नागरिकाला त्याच्याकडून मिळू शकते; खासगी तपशिलांचे अपवाद तेवढे वगळून. संदेशात हा भाग गाळला आहे. आपला प्रभाग किंवा तालुका ज्या उपनिबंधकाकडे किंवा सहायक निबंधकाकडे येतो, तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये भरून सोसायटीचा लेखापरीक्षण अहवाल, दोष दुरुस्ती अहवाल आणि सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ खालची वार्षिक विवरणपत्रं मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवस.

आणि मुळात सभासदाला आरटीआय लागतोच कशाला? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं कलम ३२ प्रत्येक सभासदाला दप्तर पाहण्याचा हक्क देतं, तोही फुकट, संस्थेच्या कार्यालयात. २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आलं, तेव्हाही हा हक्क कायम राहिला. त्यात काय येतं ते नीट वाचा: उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम), शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, कमिटीची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं (मिनिट्स), कमिटीच्या सभांची इतिवृत्तं आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी. कमिटीच्या सभांची इतिवृत्तं कायद्यानेच खुली केलेली असताना “मिनिट्स गोपनीय” हे कुठून आलं?

व्हाउचर आणि बँकेचं पासबुक मात्र या यादीत नाही. अर्ज नेमका इथेच अडतो. “सर्व कागदपत्रं द्यावीत” असं लिहिलं की कमिटी मोघम म्हणून फेटाळते, किंवा पासबुकाचं कारण पुढे करून बाकीचंही देत नाही. म्हणून काळ आणि कागद नेमके लिहा: “१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातली कमिटीच्या सभांची इतिवृत्तं.” दोन प्रती घ्या, एकीवर पोच आणि शिक्का. नकला हव्या असतील तर शुल्क किती ते लेखी विचारा, चेकने किंवा ऑनलाइन भरा, पावती जपा. नकला देण्याची मुदत शुल्क भरल्याच्या तारखेपासून मोजतात. पावती नसेल तर निबंधकाकडे तक्रार टिकत नाही. खर्चाच्या बिलांचा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.

थकबाकीदार कमिटीवर राहायला अपात्र ठरतो. दप्तर पाहण्याच्या कलमात तसा अपवाद नाही.

राहिलं ऑडिट. लेखापरीक्षक नोंदी, पावत्या, ठराव तपासतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा दर चढा होता का, हे तो ठरवत नाही. त्याने दोष दाखवले तर कमिटीला ‘ओ’ नमुन्यात दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. अहवालात दोष आहेत आणि ‘ओ’ नमुना नाही, असं अनेक ठिकाणी दिसतं. पहिल्यांदा तोच मागा. मग इमारत निधी पाहा: आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या, म्हणजे जमिनीची किंमत सोडून, वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के जमा व्हायला हवा. ताळेबंदात ही रक्कम दिसते का, आणि तेवढीच गुंतवणूक समोरच्या बाजूला आहे का, हे ऑडिट झालेलं असलं तरी स्वतः जुळवून पाहा.

“हे सगळं एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, मंजूर झालंय,” असं सांगितलं, तर सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी निघाली होती का, आणि गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) होती का, हे इतिवृत्तातच पाहता येतं. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या अंगठ्यांना सभेचा ठराव म्हणत नाहीत. मंजुरीनंतरही एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर कमिटीला महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. मावशीच्या ३० सदनिकांच्या सोसायटीत त्यासाठी सहा सह्या पुरतात.